हायड्रोजन सल्फाइड सोडला, तर सल्फर डायऑक्साइडचा आकडा का चढतो?

प्रश्न:
सांडपाण्याच्या टाकीत उतरण्यापूर्वी आम्ही वापरतो त्या गॅस मीटरमध्ये हायड्रोजन सल्फाइड आणि सल्फर डायऑक्साइड यांचे स्वतंत्र इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर आहेत. तपासणीसाठी २५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) हायड्रोजन सल्फाइडचा सिलिंडर जोडला असता त्याचा आकडा २४ वर स्थिरावला, पण सल्फर डायऑक्साइडचाही आकडा हळूहळू ९ पर्यंत चढला. सिलिंडरमध्ये तो वायू नाही. मग विश्वास कशावर ठेवावा?

प्रतिसाद १:
पहिल्या आकड्यावर. दोन्ही वायूंचे इलेक्ट्रोडवर ऑक्सिडीकरण होऊन शेवटी सल्फ्युरिक आम्लच बनते. फरक एवढाच की हायड्रोजन सल्फाइडचा एक रेणू ८ इलेक्ट्रॉन देतो, तर सल्फर डायऑक्साइडचा २. सेन्सरला कळतो तो केवळ विद्युतप्रवाह, तो कोणामुळे आला हे नव्हे. म्हणून सल्फर डायऑक्साइडच्या अनेक सेन्सरांच्या तोंडाशी हायड्रोजन सल्फाइड अडवणारा फिल्टर असतो, आणि त्याची क्षमता मर्यादित असते. तुमचा फिल्टर बहुधा संपत आला आहे. माहितीपत्रकातील क्रॉस-सेन्सिटिव्हिटीच्या (इतर वायूंनाही सेन्सर किती प्रतिसाद देतो याच्या) तक्त्यात हायड्रोजन सल्फाइडपुढे शून्य लिहिलेले असले, तरी ते फिल्टर ताजा असेपर्यंतच खरे.

प्रतिसाद २:
कॉपर ऑक्साइड मिसळलेल्या टिन ऑक्साइडच्या सेन्सरांत, म्हणजे वेगळ्याच प्रकारच्या सेन्सरांत, वायू कोणता ही ओळख रसायनातूनच होते. हायड्रोजन सल्फाइडमुळे कॉपर ऑक्साइडचे कॉपर सल्फाइड होते आणि ते उत्तम वीजवाहक असल्याने सेन्सरचा विद्युत रोध एकदम कोसळतो. मात्र वायू निघून गेल्यावर सल्फाइडचे पुन्हा ऑक्साइड होण्यास वेळ लागतो आणि तोवर आकडा रेंगाळतो, त्यामुळे टाकीत उतरणाऱ्या माणसाच्या हाती मी तरी हा सेन्सर देणार नाही.

प्रतिसाद ३:
सांडपाण्यातून मिथाइल मरकॅप्टन हा गंधकयुक्त वायूही निघतो, आणि हायड्रोजन सल्फाइडचा इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर त्यालाही काही प्रमाणात मोजतो, हे येथे कोणी लिहिलेले नाही. ही संयुगे खरोखर वेगळी करायची, तर हवेचा नमुना गॅस क्रोमॅटोग्राफमधून न्यावा लागतो. तेथे स्तंभातून प्रत्येक संयुग आपापल्या वेळी बाहेर पडते, मग ते ज्वालेत जाळले जाते आणि गंधकामुळे ३९४ नॅनोमीटरच्या आसपास दिसणारा प्रकाश मोजला जातो. नाकाचा भरवसा तर अजिबात धरू नये, कारण सुमारे १०० पीपीएमला हायड्रोजन सल्फाइड वासाची जाणीवच बधिर करतो.

प्रश्नकर्ता:
सल्फर डायऑक्साइडचा सेन्सर बदलला. त्याच सिलिंडरवर आकडा आता ० वरच राहतो. नोंदवहीतील त्या वायूच्या जुन्या नोंदींसमोर मात्र शेरा लिहावा लागेल, कारण फिल्टर नेमका केव्हा संपला हे त्यांवरून सांगता येत नाही.