१९२० च्या सुमाराच्या नकाशांवरून ड्राफ्ट्समनचा (नकाशा काढणाऱ्याचा) हुद्दा ओळखता येतो का?

गिलावा: मुंबईतल्या एका इमारतीच्या जुन्या नकाशांची सूची करायची आहे. चार ट्रेसिंग क्लॉथ (खळ दिलेलं पारदर्शक कापड), सहा निळे फेरो (ब्लूप्रिंट, म्हणजे नकाशाच्या निळ्या प्रती). कोपऱ्यात आर्किटेक्टची सही, बाकी नुसती आद्याक्षरं. काढणारा शिकाऊ होता की मुरलेला, हे कळेल का?

टीस्क्वेअर: आद्याक्षरांआधीचा शब्द बघा. ‘ट्रेस्ड’ म्हणजे ट्रेसर, पहिली पायरी: दुसऱ्याच्या पेन्सिलीच्या नकाशावर कापड ताणून शाईने गिरवायचं. ‘ड्रॉन’ म्हणजे ड्राफ्ट्समन, ‘चेक्ड’ बहुधा हेड ड्राफ्ट्समन. लहान ऑफिसात मात्र तिन्ही कामं एकाकडेच असत, त्यामुळे शब्दांपेक्षा हात बघा. कमानीचा कंस आणि सरळ रेषा जुळतात तिथे भिंग लावा. मुरलेला आधी कंस काढतो, मग रेषा. कारण पट्टी हवी तशी सरकते, कंपासचं केंद्र सरकत नाही. उलट क्रम धरला की सांध्यात पायरी दिसते. चूक चाकूने खरवडल्यावर तिथे शंखजिरे (मऊ दगडाची पूड) घासावं लागे, नाहीतर शाई फुटते, म्हणजे पसरते. फुटलेली शाई बहुतेक नवख्याची. मोल्डिंगचे (दगडी नक्षीपट्ट्यांचे) फुल साइज तपशील सहसा चांगल्या हाताकडेच, कारण त्यावरूनच पत्र्याचं टेम्प्लेट (साचा) कापून पाथरवटाला देत.

गिलावा: फेरोवर पट्टी लावून मापं घेऊ का?

टीस्क्वेअर: नको. फेरो पाण्यात धुऊन वाळवलेला असतो, कागद आडवा आणि उभा सारख्याच प्रमाणात आखडत नाही. इंचाला आठ फूट असेल तर एक सूत, म्हणजे अष्टमांश इंच, चुकलं की जागेवर फूटभर चूक. लिहिलेला आकडाच धरा.

कोरा कागद: साठवणीचं आधी बघा. फेरोचा निळा रंग अल्कलीने उडतो, म्हणून चुना मिसळलेले ‘संग्रहालयी’ फोल्डर त्याला घातक. साधा न्यूट्रल कागद घ्या. कापडावर पाण्याचा थेंबही नको, खळ विरघळते आणि डाग कायमचा.

रंदा: हुद्द्याची शिडी वाचताना एक लक्षात ठेवा. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ड्राफ्ट्समनचे वर्ग १८९६ मध्ये सुरू झाले, पुढचं वास्तुकलेचं शिक्षण त्यातूनच वाढलं. १९१७ मध्ये तिथल्या माजी विद्यार्थ्यांनी संघटना काढली, गेटवे ऑफ इंडियाचे आर्किटेक्ट जॉर्ज विटेट तिचे पहिले अध्यक्ष. तीच १९२९ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाली. ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घ्यायला देशभर कायद्याची अट आली ती थेट १९७२ मध्ये. तेव्हा एका नकाशावर ‘ड्रॉन’खाली असलेली आद्याक्षरं दहा वर्षांनी दुसऱ्या नकाशावर आर्किटेक्टच्या सहीत सापडली, तर तो वेगळा माणूस समजून दोन नोंदी करू नका. आधी अक्षराचं वळण जुळवून बघा.