खोट्या सोर्स ॲड्रेसची पॅकेट्स रोखताना खरे ग्राहकच अडकतात, काय करावे?

प्रश्न (जोडभावी पेठ, सोलापूर):
नमस्कार. आमचे सुमारे ४०० जोडण्यांचे छोटे नेटवर्क आहे आणि दोन कंपन्यांच्या लिंक घेतलेल्या आहेत. आमच्याकडून परक्या सोर्स ॲड्रेसची (पाठवणाऱ्याच्या जागी दुसऱ्याचाच पत्ता असलेली) पॅकेट्स बाहेर पडत असल्याची तक्रार एका कंपनीने केली. तपासल्यावर एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्याचा सीसीटीव्हीचा डीव्हीआर (चित्रण साठवणारे यंत्र) संशयित निघाला. मी राऊटरवर स्ट्रिक्ट आरपीएफ (सोर्स ॲड्रेसकडे परत जाणारा मार्ग पाहून पॅकेट रोखणारी कडक तपासणी) चालू केले, तेव्हा अनेकांचे इंटरनेट अर्धवट बंद पडले. शिवाय आमच्याकडे नॅट (ग्राहकांचे आतले ॲड्रेस बाहेर जाताना बदलणारी सोय) असूनही खोटे ॲड्रेस बाहेर जातात कसे?

उत्तर १:
तुमचा नॅटचा नियम बहुधा फक्त तुमच्या १००.६४ च्या (ग्राहकांना दिलेल्या आतल्या ॲड्रेसच्या) रेंजला लागू असेल. खोट्या ॲड्रेसचे पॅकेट त्या नियमात बसतच नाही आणि जसेच्या तसे बाहेर जाते. स्ट्रिक्ट आरपीएफ मात्र सोर्सकडे परत जाण्याचा मार्ग त्याच पोर्टवरून आहे का, हे पाहते. दोन लिंक असताना विनंती एकीकडून जाऊन उत्तर दुसरीकडून आले की ते उत्तर टाकून दिले जाते. आरपीएफ लूज ठेवाल (म्हणजे परतीचा मार्ग कोणत्याही पोर्टवरून चालेल), तर डिफॉल्ट रूटमुळे (दुसरा मार्ग नसेल तेव्हा वापरायच्या मार्गामुळे) जवळपास सर्वच पॅकेट्स पास होतात, म्हणून त्यावर विसंबू नका.

उत्तर २:
वरील उत्तराशी सहमत आहे. गाळणी ग्राहकाच्या बाजूच्या पोर्टवरच लावा: त्या पोर्टला दिलेल्या ॲड्रेसव्यतिरिक्त कोणताही सोर्स आला की ड्रॉप. मे २००० च्या आरएफसी २८२७ (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांपैकी एक) मध्ये, म्हणजेच बीसीपी ३८ मध्ये, हेच सांगितले आहे, आणि एकाहून अधिक लिंक असणाऱ्यांसाठी २००४ चे आरएफसी ३७०४ आहे. कारखान्याने दुसऱ्या कंपनीकडून स्वतःसाठी ॲड्रेसचा ब्लॉक घेतला असेल, तर तो यादीत आधी नोंदवा, नाहीतर त्यांचे काम थांबेल. एकाच स्विचवर शेजाऱ्याचा ॲड्रेस वापरता येऊ नये म्हणून डीएचसीपी स्नूपिंग (कोणत्या पोर्टला कोणता ॲड्रेस दिला याची नोंद) आणि आयपी सोर्स गार्डही (त्या नोंदीबाहेरचा सोर्स रोखणारी सोय) लावा. हे काम टाळू नका. फेब्रुवारी २०१८ मध्ये गिटहब या संकेतस्थळावर १.३५ टेराबिट प्रति सेकंदाचा मारा झाला, तो सोर्स म्हणून गिटहबचाच ॲड्रेस लावून मेमकॅश्ड (तात्पुरता डेटा साठवणाऱ्या) सर्व्हरना छोट्या विनंत्या पाठवूनच; त्यांची मोठी उत्तरे गिटहबवर जाऊन आदळली.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. आरपीएफ बंद करून काल रात्री पोर्टनिहाय नियम लावले. घरच्या राऊटरमागून चाचणी घेतली असती, तर त्याच्याच नॅटने ॲड्रेस बदलला असता, म्हणून लॅपटॉप थेट स्विचला जोडून घेतली: खोट्या सोर्सचे एकही पॅकेट बाहेर गेले नाही. कारखान्याच्या पोर्टवरील ड्रॉपचा आकडा मात्र अजून वाढतो आहे, त्यामुळे आज जाऊन तो डीव्हीआर काढतो.