पहिलाच गेमिंग पीसी, पैसे मोजकेच: यादी तपासून द्याल का?

नवशिक्या

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं लॅपटॉपवर भागवलं. आता खेळ सुरू केला की तो विमानासारखा घोंगावतो आणि दहा मिनिटांत मान टाकतो. म्हणून सुटे पार्ट घेऊन स्वतःच पीसी जोडायचं ठरवलंय. पैसे मोजके आहेत, एकदा गेले की पुन्हा साठायला वर्ष जाईल. म्हणून आधी विचारून घेतोय.

मित्राने यादी करून दिली आहे. चौथ्या पिढीचा सेकंडहँड आय-७ बोर्डासकट, १६ जीबी रॅमची एकच स्टिक, आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्ड (६ जीबी), २५६ जीबी एसएसडी आणि १ टीबी हार्ड डिस्क. वर काचेचं कॅबिनेट, त्यात चार रंगीत पंखे, आणि कॅबिनेटसोबत ५०० वॅटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) फुकट. मित्रांबरोबर व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ खेळतो, आणि सायबरपंक २०७७ एकदा तरी पूर्ण करायचाय. जाणकारांनी सल्ला द्यावा.

काटकोन

यादीत मॉनिटर दिसत नाही. घरात आहे का? असला तर रिझोल्यूशन किती, हर्ट्झ किती? ते कळल्याशिवाय कार्ड सुचवणं म्हणजे पायाचं माप न घेता बूट आणणं.

नवशिक्या

ताईचा जुना आहे. १०८०पी, ७५ हर्ट्झ. चालेल ना?

काटकोन

चालेल की. उलट त्यानेच तुमचे पैसे वाचतील. १४४०पीला १०८०पीच्या पावणेदोन पटींहून जास्त पिक्सेल रंगवावे लागतात, त्यामुळे कार्डही तेवढं दणकट लागतं. तुम्हाला त्या वाटेला जायचंच नाहीये. आणि हा मॉनिटर सेकंदाला ७५ फ्रेमच दाखवणार, तेव्हा कुणी २०० फ्रेमचे व्हिडिओ दाखवले तर बघा आणि सोडून द्या. फक्त विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन ७५ निवडा, नाहीतर बऱ्याचदा तो ६० वरच बसून राहतो.

सोल्डरबहाद्दर

मित्राचा राग धरू नका, पण ही यादी दहा वर्षांपूर्वीची वाटते.

आय-७ या नावाला भुलू नका. चौथ्या पिढीचा आय-७ आला २०१३ साली. ४ कोर, ८ थ्रेड, रॅम डीडीआर३. २०२२ चा आय-३ १२१००एफ घ्या, त्यालाही ४ कोर आणि ८ थ्रेडच आहेत, पण त्याचा एकेक कोर त्या जुन्या आय-७ ला सहज मागे टाकतो. आधी पिढी बघायची, मग आय-किती ते. त्यात विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर आहेत. खटपटी करून ११ टाकाल, पण तुमच्या व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड (चीटिंग पकडणारा प्रोग्राम) विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी चालू असल्याशिवाय खेळूच देत नाही. म्हणजे ज्यासाठी पीसी घेताय तेच अडणार.

मी तुमच्या जागी असतो तर रायझन ५ ५६०० घेतला असता. ६ कोर, १२ थ्रेड, ६५ वॅट, आणि कूलर खोक्यातच मिळतो. सोबत बी५५० बोर्ड. खोक्यावरचा आकडा मात्र दोनदा वाचा, कारण ५५०० नावाचा त्याचा भाऊ शेजारीच ठेवलेला असतो. कोर तेवढेच, पण एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ३२ ऐवजी १६ एमबी आणि पीसीआयई (कार्ड जोडायची वाट) ४.० ऐवजी ३.०. काउंटर-स्ट्राइकसारख्या प्रोसेसरवर भार टाकणाऱ्या खेळात कॅशेतला हा फरक जाणवतो.

आता कार्ड. ३०५० नावाची दोन वेगळी कार्डं बाजारात आहेत आणि हा मला शुद्ध खोडसाळपणा वाटतो. ८ जीबीवाल्यात २५६० कोर आणि १२८ बिटची मेमरी बस. ६ जीबीवाल्यात नुसती मेमरीच कमी नाही, कोरही २३०४ वर आणले आणि बस ९६ बिटची केली. तेवढ्याच पैशांच्या आसपास आरएक्स ६६०० मिळालं तर डोळे मिटून घ्या. ८ जीबी मेमरी आहे आणि १०८०पीला दोन्ही ३०५० पेक्षा वेगवान आहे. रे ट्रेसिंगमध्ये (खऱ्यासारखा उजेड-सावली दाखवण्यात) ते मार खातं हे मान्य, पण या वर्गातल्या कार्डावर सायबरपंकचं रे ट्रेसिंग चालू करणार कोण?

हार्ड डिस्क काढून टाका. २०२३ मधल्या २.० अपडेटपासून सायबरपंकच्या किमान गरजांमध्येच एसएसडी आहे. २५६ जीबीत विंडोज आणि दोन खेळ बसले की दार बंद. १ टीबीची एकच एनव्हीएमई (वेगवान प्रकारची एसएसडी) घ्या. घेताना पाहा, एम.२ आकाराची प्रत्येक पट्टी एनव्हीएमई नसते, काही हळू चालणाऱ्या साटावाल्याही असतात.

जळका_फ्यूज

वरच्या सगळ्याशी सहमत. पण तो 'फुकट' एसएमपीएस कुणाच्याच डोळ्यात कसा खुपला नाही? माझं आयडी बघा आणि ऐका.

माझ्या पहिल्या पीसीतही असाच कॅबिनेटबरोबर आलेला होता. खेळ जरा जड झाला की पीसी फट्कन बंद. मी महिनाभर विंडोजला शिव्या घातल्या, दोनदा फॉरमॅट मारला. एका संध्याकाळी बारीक 'टक्' आवाज आला आणि खोलीत जळक्या बेकलाइटचा वास. जाताना बोर्डालाही सोबत घेऊन गेला. वाचलेले पैसे किती आणि गेलेले किती, हा हिशेब मी अजून बायकोला सांगितलेला नाही.

तर त्याच्या अंगावरचं लेबल वाचा. वर ५०० मोठ्या अक्षरात असतं, ते सोडा. खाली १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते पाहा. समजा १६ लिहिलेत, तर १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड जवळजवळ सगळी वीज याच लाइनवरून घेतात. आरएक्स ६६०० चे १३२ आणि ५६०० चे पूर्ण भारावर ७६ धरा, झाले २०८. पंखे आणि बोर्ड अजून मोजलेच नाहीत! चांगल्या ५५० वॅटच्या युनिटमध्ये ५०० च्या वर वॅट एकट्या १२ व्होल्टवर मिळतात.

८० प्लसचा शिक्का असावा, पण तो वीज किती वाया जात नाही एवढंच सांगतो. आतला माल कसा आहे ते नाही सांगत. त्या मॉडेलचं कुणीतरी उघडून केलेलं परीक्षण शोधा आणि वॉरंटी ५ वर्षांची आहे का बघा.

उद्याचा_विचार

५६०० आणि बी५५० म्हणजे एएम४, २०१७ पासूनच्या सॉकेटवर (प्रोसेसर बसवायच्या खाचेवर) पैसे लावायला सांगताय. पुढे अपग्रेडला वाव काय? त्यानंतरचं एएम५ घ्या. रायझन बनवणाऱ्या एएमडीने २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही सपोर्ट देऊ असं जाहीर केलंय. तीन वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलला की काम झालं.

सोल्डरबहाद्दर

तत्त्वतः बरोबर. पण एएम५ ला डीडीआर५ शिवाय पर्याय नाही, बोर्डही महाग, आणि २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव जे चढलेत ते बघता वरचे पैसे येणार कुठून? कार्डातूनच. तीन वर्षांनंतरच्या प्रोसेसरसाठी आज कमी फ्रेममध्ये खेळायचं, हे माझ्या गळी उतरत नाही. हात सैल असता तर मीही एएम५ म्हटलं असतं.

बचतगट

मधला मार्ग सांगू का? ५६००जी घ्या. त्यात ग्राफिक्स आतच आहे, व्हॅलोरंट त्यावर आरामात चालतं. कार्ड सहा महिन्यांनी.

काटकोन

कार्ड सहा महिन्यांनी नक्की येणार असेल तर सहा महिने थांबलेलं बरं. ५६००जीमध्ये पुन्हा ५५०० सारखीच १६ एमबी कॅशे आणि पीसीआयई ३.०, म्हणजे कार्ड आल्यावर तुम्ही ५५०० वरच बसलेले असणार. लॅपटॉप पार मेला असता तर गोष्ट वेगळी.

नवशिक्या

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कुणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. सुधारलेली यादी: ५६००, बी५५०, आरएक्स ६६००, १ टीबी एनव्हीएमई, ५५० वॅटचा सुटा एसएमपीएस. काचेच्या कॅबिनेटवर मन अडकलंय, खोटं कशाला बोलू. आणि रॅम एकच १६ ची घेऊ का, पुढे दुसरी टाकता येईल म्हणून?

सोल्डरबहाद्दर

नको. ८-८ च्या दोन घ्या. एका स्टिकवर मेमरीचा एकच चॅनल चालतो, म्हणजे रुंदी निम्मी, आणि खेळात ते सरळ फ्रेममध्ये दिसतं. बोर्डावर चार खाचा असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवा. मग बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवायची सोय, चालू करा. हे विसरलात तर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर रांगत राहते आणि बोर्ड ब्र काढत नाही.

काचेची बाजू खुशाल घ्या, पण पुढचा भाग जाळीचा हवा. पुढून काच असेल तर चार पंखे आतलीच गरम हवा ढवळत बसतात. ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, त्यामुळे मॉनिटरची वायर कार्डाला लावायची, बोर्डाला नाही. हसू नका, माझी पहिली संध्याकाळ त्यातच गेली होती.

आगंतुक

धागा हायजॅक करतोय, माफी असावी. माझ्याकडे ऑफिसातून निघालेला एक बारका डेस्कटॉप आहे, आठव्या पिढीचा आय-५. त्याच्या एसएमपीएसला कार्डासाठी जादा वायरच नाही. ह्याच्यात काही बसेल की नाद सोडू?

सोल्डरबहाद्दर

बसेल. आणि गंमत म्हणजे वर ज्याला मी खोडसाळपणा म्हटलं तेच: ३०५०, ६ जीबी. ते ७० वॅटच घेतं आणि पीसीआयई स्लॉट स्वतः ७५ वॅटपर्यंत देतो, म्हणून वेगळ्या वायरीची गरज नाही. त्यातलंही अर्ध्या उंचीचं, लो-प्रोफाइल मॉडेल शोधा आणि सोबत कॅबिनेटला अडकवायची आखूड पट्टी येते का विचारा. तुमचा पीसी उघडून लांबी आणि जाडी दोन्ही मोजा, कारण ही कार्डं बहुधा दोन स्लॉटची जागा खातात.

आगंतुक

उघडला. लांबी पुरते. पण खालच्या स्लॉटमध्ये वायफायचं कार्ड आहे.

सोल्डरबहाद्दर

मग ते काढा आणि राउटरपासून वायर ओढा. व्हॅलोरंटला तसंही वायरच बरी.

आगंतुक

राउटर पलीकडच्या खोलीत आहे. ड्रिल मागून आणतो.