'मॉबी-डिक' : सचित्र आवृत्ती घ्यावी का?

रेघोटी: लेक नववीत आहे, मंगा (जपानी चित्रकथा) झपाझप वाचते. 'मॉबी-डिक'ची जाडी पाहूनच तिने ती बाजूला ठेवली. चित्रांची घेऊ का? मजकूर मागे पडेल अशी धास्ती वाटते.

शाईदौत: ताई, बिनधास्त घ्या, अमेरिकन चित्रकार रॉकवेल केंटच्या चित्रांचीच. देवमाशाच्या शिकारीवरची १८५१ची ही कादंबरी लेखक हर्मन मेल्विलच्या हयातीत फारशी खपली नाही. १९३० मध्ये शिकागोच्या लेकसाइड प्रेसने केंटच्या चित्रांसह तीन खंडांत १००० प्रती काढल्या. त्याच वर्षी रँडम हाउसची एका खंडातली आवृत्ती आली आणि कादंबरी सामान्य वाचकांपर्यंत पोचली. (तिच्या मुखपृष्ठावर केंटचं नाव होतं, मेल्विलचं नव्हतं! मला हे अजून खुपतं.) चांदण्यांखाली पाण्यातून सरळ वर झेपावणारा तो देवमासा पाहा, नुसत्या काळ्या-पांढऱ्यात केवढा अजस्र वाटतो!

रेघोटी: आणि चित्रं बघूनच थांबली तर?

पानगळ: थांबू दे की. बत्तिसाव्या प्रकरणात देवमाशांची वर्गवारी येते, तिथे भलेभले गळतात. ते खुशाल ओलांडू दे. मंगा आवडतो तर चित्रकार मॅट किशही दाखवा. त्याने ५५२ पानी आवृत्तीच्या पानागणिक एक चित्र काढलं, २०११ मध्ये त्याचं पुस्तक झालं. प्रत्येक चित्र त्या-त्या पानावरच्या ओळीतून निघालंय, त्यामुळे मजकूर सुटतच नाही.