मदत हवी आहे: वडिलांच्या वयाच्या ऑपरेटरना सांभाळायचं कसं?

चाकणला नुकतंच शिफ्ट सुपरवायझर केलंय मला, लाईनवरचे बरेचसे ऑपरेटर माझ्या वडिलांच्या वयाचे, मशीनचा नुसता आवाज ऐकून बिघाड सांगणारी माणसं. मी सगळ्यांना काका म्हणतो, चूक दाखवायची तर बाजूला घेऊन. मॅनेजर म्हणतात एवढा नरम राहिलास तर डोक्यावर बसतील. मला नाही पटत राव, १९७९ ला इस्रोचं एसएलव्ही-३ रॉकेट पडलं तेव्हा इस्रोचे प्रमुख सतीश धवन स्वतः पत्रकारांसमोर गेले, १९८० ला जमलं तेव्हा प्रकल्प सांभाळणाऱ्या अब्दुल कलामांना पुढे केलं, त्यांच्या कोण डोक्यावर बसलं? पण एक काका सेफ्टी गॉगल घालतच नाहीत, हसून टाळतात. मेमो न देता, चारचौघात अपमान न करता त्यांना कसं ऐकायला लावू? कोणी हाताळलंय का असं?