ट्रान्सप्लांटनंतर घरी काय सांभाळलंत? खान्देशातले अनुभव लिहा

धागाकर्ती, जळगाव
यांना एएमएल, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. दिरांनी स्टेम सेल (रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी) दिल्या, त्यांचं ट्रान्सप्लांट खारघरला झालं. शंभर दिवस तिकडेच खोली घेऊन राहिलो. डिस्चार्जच्या कागदावर सगळं लिहिलेलं असतं, पण आपलं ऊन, आपलं खाणंपिणं, भेटायला येणारी माणसं त्यात कुठून येणार? म्हणून विचारते. कुठे चुकलात तेही लिहा.

माझं आधी सांगते. घरी आल्यावर महिनाभराने, रात्री अकराला ताप १००.६. सासूबाई म्हणाल्या, तापाची गोळी देऊ, सकाळी बघू. पण आम्हाला बजावलेलं होतं की १००.४ ला पोचला की दवाखाना गाठायचा. गोळीने ताप दबतो, इन्फेक्शन आत वाढतच राहतं. रात्रीच रक्ताचं कल्चर (जंतू शोधायची तपासणी) घेऊन अँटिबायोटिक सुरू झालं. कल्चरमध्ये जंतू निघाले. तेव्हापासून दाराशी पिशवी भरलेली असते: फाईल, थर्मामीटर, औषधांची यादी, रिक्षावाल्या भाऊंचा नंबर.

यावल तालुका, रुग्णाचे वडील
मुलगा १९ वर्षांचा, एएलएल, हाही रक्ताचाच कॅन्सर. आईच्या पेशी दिल्या, अर्ध्याच जुळल्या होत्या. त्यामुळे तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड हे केमोचं औषध, मग टॅक्रोलिमस, दात्याच्या पेशींना आवरून धरणारी गोळी. सालीचं फळ चालतं म्हटल्यावर आम्ही शेतातली केळी धुऊन रोज देत गेलो. रक्तातलं पोटॅशियम वाढून ५.९ झालं! त्या गोळीने ते आधीच वाढतं, वरून केळी. केळीवर घर चालतं आमचं, आणि पोराला केळंच बंद.

दुसरी चूक मोठी होती. टॅक्रोलिमसची लेव्हल (रक्तातलं प्रमाण) तपासायच्या दिवशी सकाळची गोळी देऊन मग रक्त दिलं. आकडा भलताच वर आला. डॉक्टर डोस कमी करणार, तेवढ्यात नर्सताईंनी विचारलं, गोळी कधी घेतली? डोस उगाच उतरला असता तर दात्याच्या पेशींनी अंगावर हल्ला करायला वाट मोकळी. आता ती गोळी शर्टाच्या खिशात असते. रक्त आधी, गोळी मग.

धुळे
मला मायलोमा (हाडांच्या मगजातल्या पेशींचा कॅन्सर), माझ्याच पेशी परत दिल्या. मेलफॅलान हे केमोचं औषध चढत असताना तोंड येऊ नये म्हणून बर्फाचे तुकडे चघळायला लावले होते. दात ठणकले, पण तोंड फारसं आलं नाही. शेजारच्या खोलीतल्या काकांनी बर्फ थुंकून टाकला, त्यांना पुढे पाणीसुद्धा गिळवेना.

अमळनेर, रुग्णाची बहीण
आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ताई घरी होती. तिला दात्याच्या पेशी दिलेल्या. अंगणात जरा वेळ बसली आणि दोन दिवसांनी तळहात, कान, गाल लाल. उन्हाने भाजलं समजून आम्ही कोरफड लावत बसलो. चार दिवस गेले. मग हगवण लागली. जीव्हीएचडी होतं ते, म्हणजे दात्याच्या पेशींनी अंगावर केलेला हल्ला, आणि उन्हाने ते चाळवतं हे तेव्हा कळलं. स्टेरॉइडवर आटोक्यात आलं, पण फार झिजली. तळहात-तळपाय लाल, पातळ जुलाब, डोळे पिवळे: यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी फोटो काढून डॉक्टरांना पाठवा.

रक्त चढवायचं असेल तर इरॅडिएटेडच (किरण देऊन त्यातल्या पांढऱ्या पेशी निकामी केलेलं) मागा. इकडच्या एका दवाखान्यात साधी पिशवी लावायला आणली होती, आम्ही फाईल दाखवून थांबवली.

शहादा
कानबाईच्या रोटांना (आमच्याकडचा श्रावणातला देवीचा सण) भाऊबंद जमले. आजीचं एकच, "आंडोर घर उना, त्याले रोट नको का?" (पोरगा घरी आला, त्याला रोट नको का?) आमच्या रुग्णाला गरम रोट वर खोलीत नेऊन दिला, त्याला खाली गर्दीत आणलं नाही. दुसऱ्या दिवशी कळलं, जमलेल्यांतल्या एका पोराला कांजिण्या. ट्रान्सप्लांटनंतर रुग्णात लहानपणीच्या लसींचं बळ उरलेलं नसतं. सहा महिन्यांनंतर पुन्हा पहिल्यापासून देतात, गोवराची तर दोन वर्षांनंतर. आम्ही घरातल्या सगळ्यांनी फ्लूची लस घेतली.

धागाकर्ती
यावलचे दादा, केळं पुन्हा कधी सुरू झालं?

यावल तालुका
टॅक्रोलिमस बंद झाल्यावर, ताई. पहिल्या दिवशी अर्धं.