चर्चा: अडत दुकानाच्या सॉफ्टवेअरला फंक्शनल, नॉन-फंक्शनल गरजा वेगळ्या लिहायच्या का?

आकडेमोड: सोलापूरच्या मार्केट यार्डातल्या एका कांदा अडत्यासाठी पट्टीचं, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या हिशोबाच्या कागदाचं, सॉफ्टवेअर करतोय. रिक्वायरमेंटचे, म्हणजे गरजांचे, चार भाग पाडलेत: बिझनेस, युजर, फंक्शनल (सॉफ्टवेअरने काय करायचं), नॉन-फंक्शनल (ते कसं, किती चांगलं करायचं). पार्टनर म्हणतो, एवढ्याशा कामाला हा पसारा कशाला? स्क्रीन दाखव, होकार घे. मला हे पटत नाही. शेठनी जे सांगितलं ते सगळं फंक्शनल होतं: वजन गुणिले भाव, हमाली-तोलाई वजा, पट्टी छापा. वेग, बॅकअप, कोणी काय बदलायचं यावर एक शब्द नाही. हे आपण होऊन कुणी सांगत नाही, विचारावंच लागतं. म्हणून वेगळा भाग हवाच.

जुळे_सोलापूरकर: पार्टनरचं बरोबर आहे. ही विभागणी कागदावरसुद्धा टिकत नाही. ‘चढवलेला भाव फक्त मालकाने बदलावा’ हे कुठे लिहिणार? सुरक्षा म्हणून नॉन-फंक्शनलमध्ये. पण करायला बसलात की त्याचं लॉगिन होतं, परवानग्या होतात, बदलाची नोंद होते. सगळं फंक्शनल. त्यापेक्षा लिलावाच्या दिवशी दुकानात जाऊन बसा की. दिवाणजी काय लिहितो, कुठे अडतो, कुणाला हाक मारतो ते बघा.

टेस्टिंगवाली: रकाना चुकला तर फार बिघडत नाही, रकानाच नसला तर बिघडतं. ‘सॉफ्टवेअर फास्ट पाहिजे’ हे मी तपासू कसं? ‘जानेवारीच्या आवकेत चारही काउंटर चालू असताना बटण दाबल्यापासून 3 सेकंदांत पट्टी छापायला लागली पाहिजे’ हे तपासता येतं. ‘वीज गेली तरी सेव्ह झालेली एकही पट्टी हरवता कामा नये’ हेही येतं. एका दुकानाचं काम मी तपासलं होतं. हिशोब पैशापर्यंत बरोबर, पण गर्दीत पट्टी सेव्ह व्हायला इतका वेळ लागायचा की लोक पुन्हा कार्बन लावून पट्टीबुकावर लिहायला लागले.

शेठला ‘नॉन-फंक्शनल’ हा शब्द सांगायचाच नाही. आयएसओ 25010 या सॉफ्टवेअरच्या गुणवत्तेच्या मानकात वेग, विश्वासार्हता, सुरक्षा, वापरायची सोय, दुरुस्तीची सोय असे गुण दिलेत. ते आपल्या डोक्यात ठेवायचे आणि साधं विचारायचं: लाइट गेली तर? दिवाणजी रजेवर असला तर? मशीन बसलं तर कालचा हिशोब कुठून काढायचा?

यार्डातला: तुम्ही दोघं एकाच जोडीवर अडकलात. खरा घोळ नियमांत होतो. जुलै 2016 पर्यंत कांद्याची अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जायची. मग राज्य सरकारने ती खरेदीदाराकडून घ्यायला लावली. ज्याने अडत पट्टीच्या सूत्रातच पक्की बसवली होती, त्याला अख्खं सूत्र उकरावं लागलं. ‘अडत कोणाकडून, किती टक्के’ हे ज्याने वेगळं ठेवलं, त्याचं सेटिंग बदलून भागलं. हा बिझनेस रूल. त्याची वेगळी यादी पाहिजे.

दुसरं, बंधनं. दुकानात जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर असेल आणि एका ठोक्यात कार्बनच्या प्रती निघतात म्हणून शेठ तो बदलणार नसतील, तर हे काम नव्हे आणि गुणही नव्हे. पण तुमचं सगळं डिझाइन त्यावर ठरतं. पहिल्याच भेटीत विचारा.

जुळे_सोलापूरकर: नियम वेगळे ठेवा, हे शंभर टक्के पटलं. ताई, आकडा हवा हेही पटलं. पण 3 सेकंद आले कुठून? ते तुम्ही घरी बसून ठरवलेत. आवकेच्या दिवशी तासाला किती पट्ट्या निघतात ते दुकानात मोजा, मग आकडा लिहा. चार भागांचं डॉक्युमेंट आधीच हातात असलं की माणूस रकाने भरत सुटतो आणि समोरचं बघायचं राहतं. माझा विरोध त्याला आहे.

टेस्टिंगवाली: मोजून आकडा काढा, माझी हरकत नाही. पण मोजायचं काय, हे आधी माहीत नसलं तर दिवसभर बसूनही दिवाणजीचं अक्षरच बघून याल.

आकडेमोड: पुढच्या लिलावाला जाऊन बसतो, यादी खिशात ठेवून. विजयपूर, कलबुर्गीकडचे शेतकरीही माल आणतात. त्यांना पट्टी कन्नडमध्ये हवी का, हे माझ्या चारही भागांत नव्हतं.

टेस्टिंगवाली: ते प्रिंटर बघूनच कबूल करा. युनिकोडमधली कन्नड काय, देवनागरी काय, डॉट मॅट्रिक्सवर बहुधा चित्र म्हणून छापली जाते आणि छपाई बरीच मंदावते. वेगाचा आकडा त्या प्रिंटरवर, त्याच लिपीत मोजा.